नाडीबाबाचा चेला

गोहलपुरातल्या वेल्डिंगच्या दुकानामागे माणसांची झुंबड उडाली होती. नाडीबाबा समाधी लावत होते. समाधी म्हणजे काय, तर बाबांनी दंड अंगाशी घट्ट धरून डोळे पांढरे करायचे आणि भक्तानं मनगट चाचपून ओरडायचं, "नाडी बंद!" की लगेच नारळ फुटायचे.

राइट टाउनच्या शाळेत विज्ञान शिकवणारी विनता मागे उभी राहून हसत होती. काखेत लिंबू दाबलं की रक्तवाहिनी चेपते आणि मनगटात नाडी लागत नाही. हा खेळ ती दरवर्षी वर्गात करून दाखवायची. आज ती सासऱ्यांना न्यायला आली होती. सकाळी रामरावांच्या छातीत टर्रकन फाटल्यासारखी कळ उठली, आणि दवाखाना सोडून ते इथे येऊन बसले होते.

"कळ पाठीत उतरून राहिली, बाबाजी," रामराव म्हणाले.

"उतरेगी ही! पीडा नीचे सरक रही है, पैरों से निकल जाएगी!" बाबांनी त्यांचं डावं मनगट धरलं आणि आरोळी ठोकली, "नाडी बंद! हमारी शक्ति चेले में उतर गई!"

लोक रामरावांच्या पाया पडू लागले. कळही ओसरली होती. स्वारी खुशीत आली.

"मामाजी, लिंबू काढा," विनता पुढे होऊन म्हणाली.

"कोणतं लिंबू? काहून थट्टा करून राहिलीस?"

तिनं त्यांचा हात वर केला. काख रिकामी. उजव्या मनगटात नाडी ठणठणीत, डाव्यात नाहीच. विनतानं डावं मनगट पुन्हा चाचपून पाहिलं. लबाडी सापडली असती तर किती बरं झालं असतं!

"चला दवाखान्यात. आत्ताच!"

"छेड़ोगी तो प्राण जाएंगे!" बाबांनी हात आडवा घातला. तसं त्यांच्या काखेतलं लिंबू टपकन पडलं आणि घरंगळत रामरावांच्या चपलेशी थांबलं. रामरावांनी लिंबाकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

रामरावांचं मूत्रपिंड आधीच अधू, म्हणून औषध टोचून करायचं सीटी स्कॅन टाळून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआय करायचं ठरवलं. बाबांनी दिलेलं लोखंडी कडं काढायला रामराव कचरू लागले. "यानं रक्षण होते म्हणतात."

"आतलं चुंबक फार मोठं आहे, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. " कड्याचं रक्षण कोण करील?"

चित्रात सगळं उघड झालं. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचं अस्तर फाटून रक्त त्याच्याआड शिरलं होतं. फाट लांबली तशी कळ पाठीत उतरली. हाताकडची वाट दबली तशी नाडी गेली. "कळ थांबली म्हणजे फाट सांधली असं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लगेच ऑपरेशनच्या तयारीला लागल्या.

रामराव वाचले. घरी आल्यावर शेजारी विचारायला आले, कोणत्या बाबाचा गुण आला? त्यांनी डावं मनगट पुढे केलं. "पहा, चालू आहे. आमच्या सूनबाईनं बाबाला नाही, माझ्या काखेला विचारलं."

तेव्हा मंडळी, कुणाची नाडी थांबली तर हात जोडू नका. आधी काखेत पाहा. लिंबू असलं तर बाबाला घरी पाठवा. नसलं, तर माणसाला दवाखान्यात.