तीन पायाचा नंदी

पत्रिका कुसुमताईंनी एकेक अक्षर जोडत तीनदा वाचली. साठी उलटल्यावर वाचायला शिकलेल्या माणसाचा छापलेल्यावर चटकन भरवसा बसत नाही. ‘तान्ह्या पोळ्यानिमित्त, पोरांच्या लाडक्या गाण्याचे कवी वामनराव गुरुजी यांचा सत्कार.’

तीन पायाचा नंदी माझा, चौथा कोणं नेला गा?
भरल्या पोळ्यात चोर लेकाचा लपून कुठी गेला गा?

हे गाणं ताईंच्या थोरल्या बहिणीचं, यमूचं. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी मिरवतात; त्या गर्दीत तिच्या नंदीचा पाय मोडून नाहीसा झाला, तेव्हा दहा वर्षांच्या यमूनं ते रागानं रचलं. इतवारीतल्या गल्लीनं उचललं, आता अख्ख्या नागपूरची पोरं म्हणतात. यमू वारली. तिचं म्हणून मागे राहिलं ते हे गाणं आणि तो मोडका नंदी, एवढंच.

नंदी पिशवीत घालून ताई, त्याच गल्लीत लहानाचे मोठे झालेल्या गुरुजींकडे गेल्या.

“या, या ताई! चहा घ्या.”

चहात साखर जरा जास्तच होती. ताईंना तीही खटकली.

“गुरुजी, गाणं तुमचं न? मंग सांगा, नंदीचा कोणता पाय गेला होता?”

“मागचा डावा,” गुरुजी ताबडतोब म्हणाले आणि पहिला नंबर आलेल्या पोरासारखे हसले.

ताईंनी कप खाली ठेवला. “गाण्यात तर नुसता चौथा म्हटला आहे. अन् यमूनं त्याच दिवशी नंदी पेटीत घातला, कोणाले दाखवला नाही. तुमाले कसं माहीत?”

गुरुजींचं हसू जागच्या जागी विरलं. उठून त्यांनी देवघराच्या खणातली जुनी डबी आणली. आत बोटाएवढा लाकडी पाय होता.

“माझ्याच नंदीचा धक्का लागला, ताई. यमूच्या हातचा मार चुकवाले पाय खिशात घातला. मंग पोरं रोज गाणं म्हणत. वाटे, माझ्याकडंच पाहून राहिले. पुढं शाळेत मीच शिकवलं. लोक कवी म्हणू लागले, मी नाही म्हटलं नाही. माझ्यावरचं गाणं, आपलंच वाटाले लागलं.”

“चोर गाण्यात असते गा वामन, त्याचं गाणं होत नाही.”

“उद्या सत्कारात यमूचंच नाव सांगीन.”

“लिहून दे. पाय कोणं नेला तेही लिही.”

गुरुजींनी लिहिलं. ताईंनी अक्षरावर बोट ठेवत दोनदा वाचलं.

“पाय चिकटवून देऊ का?” गुरुजींनी हळूच विचारलं.

“राहू दे. उद्या पोरं गाणं म्हणतीन, ते खोटं पडाले नको.”

नंदी पिशवीत गेला. पाय मात्र ताईंनी पदराच्या गाठीत बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.