नाकतोडीची ओळ

घरातले सगळे तिला नाकतोडी म्हणत. नाव ठेवलं आत्याने. आईवडील दूरच्या शहरात नोकरीला, म्हणून ती लहानपणापासून आत्याकडेच वाढली. आत्याच्या शिवणाच्या खोलीत कापडाचा नवा तागा आला की पोरगी आधी त्यात नाक खुपसायची. हा ओलसर गोदामात पडून होता, या गिऱ्हाइकाच्या घरी मांजर आहे, असं बिनधास्त सांगायची आणि बहुतेकदा ते खरं निघायचं.

त्यामुळे तिने वाइनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, याचं कुणाला नवल वाटलं नाही. वडिलांनी तेवढी फोनवर कुरकुर केली, "अख्ख्या जगात शिकायला दुसरं काही मिळालं नाही का हिला?"

"दादा, तिचं नाक नेईल तिकडे जाऊ दे तिला," आत्या म्हणाली. "तू उगाच तुझं मुरडू नकोस." विषय तिथेच मिटला.

शिक्षण अर्धं द्राक्षमळ्यात आणि अर्धं वाइनच्या तळघरात चाले. नाकतोडीचा सगळा जीव तळघरात. पेला नाकाशी नेला की तिच्यापुढे एकेक वास उलगडत जाई, आणि चव परीक्षेचे सर बाकीच्यांना म्हणत, "हिचं ऐका, मग लिहा." मळ्यातले तास मात्र ती पाय ओढत काढी. मळ्याच्या बाई घोगऱ्या आवाजाच्या, उन्हाने रापलेल्या. त्या एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "ही इथे उभी असते, पण मन पिंपात बुडालेलं असतं." नाकतोडीला त्याचं काही वाटलं नव्हतं. खरंच तर होतं ते.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात तिला ताप आला. साधाच, पण अंथरुणाला खिळवणारा. ताप उतरला आणि ती चहा करायला उठली. गॅसवर दूध ठेवून खिडकीशी उभी राहिली. आतल्या खोलीतून आत्या धावत आली तेव्हा पातेलं करपून काळं झालं होतं आणि खोलीभर धूर कोंदला होता. नाकतोडीची धुराकडे पाठ होती. तिला काही कळलंच नव्हतं.

तिने कॉफीचा डबा उघडून हुंगला, मग साबण, मग आत्याचं डोकेदुखीचं मलम. काही नाही. जणू भिंत हुंगावी तसं.

डॉक्टर म्हणाले, तापात असं होतं कधी कधी. परत येईल बहुतेक. केव्हा, ते सांगता येणार नाही.

कॉलेजात तिने हे कुणाला सांगितलं नाही. शेजारी बसणाऱ्या लंबूला तेवढं विश्वासात घेतलं. तो पेला हुंगून हळूच पुटपुटे आणि ती तेच जरा सजवून लिही. असं काही दिवस निभावलं. मग एकदा लंबू आला नाही आणि नेमकं त्याच दिवशी सरांनी तिला उभं करून पेला दिला. तिने तो फिरवला, नाकाशी धरला आणि आत्मविश्वासाने म्हणाली, "पांढरी फुलं. थोडं पिकलेलं पेअर."

वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. त्या बाटलीचं बूच बिघडलेलं होतं. पेल्याला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येत होता आणि तो शेवटच्या बाकापर्यंत पोचला होता.

तास संपल्यावर सरांनी तिला थांबवलं. ती सगळं सांगून मोकळी झाली. ते रागावले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं.

घरी येऊन तिने पुस्तकं पिशवीत भरली. आत्या मशीनवर होती.

"कुठे निघालीस?"

"परत करायला. सोडतेय मी. नाकच नाही तर काय करू तिथे?"

आत्याने पाय थांबवला. "सुईत दोरा ओवायला मला तू लागतेस. मग मी मशीन विकून बसू का?"

"ते वेगळं आहे, आत्या."

"असेल. पण मळ्यासाठी ते भारी बूट घेतलेस ना हौसेने? छाटणी पुढच्या आठवड्यात आहे म्हणत होतीस. तेवढी करून ये. मग सोड, मी अडवणार नाही."

ती गेली, ते मुख्यतः आत्याशी वाद घालायचं त्राण नव्हतं म्हणून.

बाईंनी प्रत्येकाला वेलींची एकेक ओळ वाटून दिली होती. नाकतोडीची ओळ उताराच्या तळाशी, जिथे गारठा साचून राहतो. बाईंच्या कानावर सगळं गेलं असणार, पण त्यांनी तो विषय काढला नाही. एवढंच म्हणाल्या, "आधी वेलीकडे बघ. कात्री नंतर."

तिच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं, म्हणून ती बघत राहिली. कोणती काडी पेन्सिलीएवढी जाड, कोणती उगाच फोफावलेली. काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, कुठल्या दिशेला तोंड करून आहे. तो फुटला तर ऊन कुठून येईल. पहिल्या दिवशी तिची ओळ सगळ्यांच्या मागे पडली. लंबू त्याची ओळ संपवून येऊन म्हणाला, "छाटतेयस की लग्नासाठी मुलगा पाहतेयस?"

"मुलगा असता तर एवढा वेळ नसता घेतला," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

छाटणी संपली तरी तिने पुस्तकं परत केली नाहीत. आत्याने विचारलंही नाही.

वसंतात डोळे फुटले. उन्हाळ्यात पानांची दाटी झाली आणि वरच्या ओळींत पांढऱ्या भुकटीसारखा भुरी रोग दिसू लागला. मुलं म्हणाली, वासावरूनच कळतं, बुरशीसारखा येतो. नाकतोडीला ती सोय नव्हती. ती रोज वाकून पानं उलटी करून बघे. तळाशी वारा खेळत नाही हे ध्यानात आल्यावर तिने बाईंना विचारून घडांभोवतीची पानं काढून टाकली. पाठ मोडून आली, पण घड मोकळे झाले.

तोडणीचे दिवस जवळ आले. यंत्रावर गोडी पुरेशी दिसत होती आणि पावसाचा अंदाज होता. लंबूसकट सगळे म्हणाले, तोडून घेऊ. नाकतोडीने आपल्या ओळीतला मणी तोंडात घातला. गोड होता. साल चावली, ती जिभेला कोरडी लागली. बी हातावर काढून पाहिली. हिरवट होती, दाताखाली कडू.

"माझी ओळ थांबवते," ती बाईंना म्हणाली. "तयार नाही झालेली."

"पाऊस आला तर?"

"तर माझं चुकेल. पण आज तोडली तर नक्की चुकेल."

बाईंनी एक मणी चावून बी हातावर काढली. "तुझी ओळ आहे," त्या म्हणाल्या.

पाऊस आला. वरच्या ओळी रिकाम्या होत्या आणि ती एकटी मळ्यावरच्या खोलीच्या खिडकीतून सरी बघत बसली. उघडल्यावर चिखल तुडवत धावली. शेवटच्या काही वेलींवरचे मणी तडकले होते. ते घड तिने स्वतः कापून टाकले, प्रत्येकाबरोबर जीव तुटत होता. पण बाकीची ओळ वाऱ्याने सुकली होती. पानं काढलेल्या घडांत पाणी थांबलं नव्हतं. मग चार दिवस स्वच्छ ऊन पडलं. पाचव्या दिवशी तिने बी चावली, ती तपकिरी होती आणि कुरकुरली.

तिच्या ओळीचा रस वेगळ्या पिंपात ठेवला गेला. चव परीक्षेच्या सरांनी पुढे तो चाखला आणि बाईंना विचारलं, "हे कुणी पिकवलं?" बाईंनी बोट दाखवलं. "पिंपातून बाहेर आली एकदाची," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

अभ्यासक्रम संपल्यावर बाईंच्याच शब्दावर तिला डोंगराच्या उतारावरच्या एका मळ्यात मदतनीस व्यवस्थापकाची जागा मिळाली. वास अजून पुरता आलेला नव्हता. मधूनच काहीतरी जाणवे, पण भलतंच: ओल्या मातीला रबराचा वास, टूथपेस्टला कांद्याचा. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. आत्या म्हणाली, "कांदा महाग होईल तेव्हा टूथपेस्ट घालू भाजीत."

नव्या नोकरीतलं पहिलं काम कोऱ्या उतारावर रोपं लावण्याचं. दिवसभर ती दोरी ताणून ओळी आखत होती आणि माणसं खड्डे घेत होती. दुपारी बांधावर बसून तिने आत्याला फोन लावला.

"कधी येतील द्राक्षं?" आत्याने विचारलं.

"चांगली यायला तीन-चार वर्षं तरी."

"अगं बाई. तोवर मी कुठे असेन कुणास ठाऊक."

"इथेच असशील. तोडणीला माणसं कमी पडतात, तुला आत्ताच सांगून ठेवते."

"उभ्याने काम जमायचं नाही मला."

"स्टूल देईन."

पलीकडे आत्या हसत होती. खालून कुणीतरी हाक मारली, रोपांची दुसरी गाडी आली होती. नाकतोडीने फोन खिशात टाकला, बुटांवरची माती झटकली आणि उतार उतरू लागली.