मुळाकडचं टोक

त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बाईंचं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. टेबलावर केसांची चाळीस पाकिटं येऊन पडली होती आणि त्यातली निम्मी केरात टाकायच्या लायकीची होती. एकीने कंगव्यातला गुंता पाठवला होता. एका टकल्या गृहस्थाने दाढी पाठवली होती, वर 'चालत असल्यास बघावे' अशी चिठ्ठी. आणि ज्यांनी डोक्यावरचेच केस पाठवायची कृपा केली होती, त्यांच्यातल्या सात जणांच्या पाकिटात दोरा बांधलेलाच नव्हता.

सगळं त्या दोऱ्यावर अडलेलं असतं. माशांमधून पोटात गेलेला पारा थोडा थोडा केसांत उतरतो आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे मुळाजवळचा सेंटिमीटर गेल्या महिन्याचा, त्याच्या पुढचा त्याआधीच्या महिन्याचा. पण एकदा केस कापून हातात आले की मूळ कुठलं आणि टोक कुठलं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून डोक्यालगत आधी दोरा बांधायचा आणि मगच कात्री लावायची. बाईंनी हे भिंतीवर लिहिलं होतं, पाकिटांवर छापलं होतं आणि बंदरावरच्या दवाखान्यातल्या आरोग्यसेविकेला इतक्यांदा सांगितलं होतं की ती बिचारी झोपेतही तेच बडबडत असेल.

बाईंचा स्वभावच तसा. चूक दिसली की त्यांच्या जिभेला हाड राहायचं नाही. माहेरीही तेच. धाकटी बहीण पाच महिन्यांची गरोदर होती आणि तिचा नवरा मासे विकायचा. मोठे मासे जन्मभर लहान मासे गिळत असतात, त्यामुळे पारा त्यांच्यात जास्त साठतो, आणि आईच्या अंगातून तो बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतो. हे बाईंनी बहिणीच्या नवऱ्याला चित्र काढून समजावलं होतं. दिवस गेल्याचं कळल्यापासून मोठा मासा घरात आलाच नाही, आणतो ते फक्त लहान, असं तो शपथेवर म्हणाला. बाईंचा त्याच्यावर काडीचाही विश्वास नव्हता. त्यांनी धाकटीला स्टुलावर बसवलं आणि तिच्या बोटभर आखूड केसांची एक बट घेतली.

केसांनी नेमकी त्याचीच बाजू घेतली. मुळापासून टोकापर्यंत सहा सेंटिमीटर, म्हणजे सहा महिने. सगळ्यात जुन्या महिन्याचा आकडा नऊ, मग उतरत उतरत चालू महिन्याचा दोन. बाईंनी मोजणी पुन्हा केली, तरी तेच. शेवटी त्यांनी जन्मात पहिल्यांदा कुणाची तरी माफी मागितली, तीही त्या माणसाची, दात-ओठ खात, फोनवर. धाकटीला अहवाल पाठवला आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'काळजी नको.' त्याला आता तीन आठवडे झाले होते.

तर आज दुपारी ती आरोग्यसेविका आली आणि बाईंनी तिला फैलावर घेतलं. ती सात पाकिटं तिच्यापुढे आपटली. मग नमुना कसा असावा हे एकदाचं तिच्या डोक्यात शिरावं म्हणून त्यांनी कपाटातून धाकटीच्या केसांची राखून ठेवलेली अर्धी बट काढली, भिंगाखाली ठेवली आणि डोळे फाडून बघ म्हणाल्या. सेविकेने बराच वेळ बघितलं.

"बाई, दोऱ्याकडच्या बाजूला केसांना फाटे फुटलेत."

"फाटे टोकाला फुटतात," बाई खेकसल्या.

"मीही तेच म्हणतेय."

बाईंनी तिला बाजूला सारून भिंगाला डोळा लावला. दोऱ्याखालचा जवळजवळ प्रत्येक केस दुभंगलेला होता. दुसऱ्या बाजूला कात्रीने सरळ कापलेली, धडधाकट टोकं होती. केस घेतले त्या दिवशी धाकटीचा नवरा दारात उभं राहून, तुमचा माणसांपेक्षा केसांवर जास्त विश्वास, असं काहीतरी म्हणाला होता. त्याला उत्तर द्यायला बाई वळल्या होत्या, बोलता बोलता कात्री चालवली होती, आणि दोरा मागाहून, भांडण संपल्यावर बांधला होता. आधी कापलं, मग बांधलं. सगळ्या जगाला जे शिकवलं तेच स्वतः केलं नाही, आणि का, तर लक्ष त्याला शिकवण्यात होतं.

आता आकडे उलटे वाचायचे. दिवस गेले तेव्हा दोन होता आणि महिन्यागणिक चढत चढत तो नऊवर पोचला होता.

बाई पाकिटं तशीच टाकून बहिणीच्या घरी गेल्या. तिचा नवरा घरीच होता. त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं की चूक माझी होती, बट उलटी बांधली गेली, अहवाल खोटा आहे. मग त्याच्याकडे वळून विचारलं, तिला काय घालतोस? तो लपवण्याच्या फंदातही पडला नाही. बायकोच्या अंगात ताकद यावी म्हणून मोठ्या माशाचा सगळ्यात चांगला तुकडा तो गिऱ्हाइकाला न देता रोज तिच्यासाठी राखून ठेवत होता. तिने घाबरू नये म्हणून लहान मासा म्हणून सांगायचा.

"सुरुवातीला मलाही धाकधूक होती," तो म्हणाला. "पण तुमच्याच कागदात पारा कमी होत गेलेला दिसला. म्हटलं, म्हणजे मोठ्या माशाने काही होत नाही. मग दोन्ही वेळचं आणायला लागलो."

बाईंनी ओरडायचं तरी कुणावर? धाकटी पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली होती. तिने नवऱ्याकडे बघितलंच नाही. ती बहिणीकडे बघत होती, आणि तिच्या आवाजात राग नव्हता.

"गेल्या आठवड्यात माझ्या ताटात मणका आला, ताई. कोटाच्या बटणाएवढा. एवढा मणका लहान माशाला नसतो, हे मला काय कळत नाही? मी ताट बाजूला सारलं होतं. मग तुझा कागद काढून परत वाचला, आणि जेवले."