दिवसातून तीनदा

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आयुष्यभर शिवणकाम केलं. मापात अर्धा इंच चुकला तर त्याला चैन पडत नाही. मी जनावरांची डॉक्टर, म्हणून त्याची कुत्री व्याल्यापासून तो मला विचारल्याशिवाय तिचं पोतंसुद्धा बदलत नव्हता. तरी तीन आठवड्यांत सहापैकी पाच पिल्लं गेली.

कारण मला पहिलं पिल्लू गेलं त्याच दिवशी फोनवर लक्षणं ऐकून कळलं होतं. अंकुशकृमी, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारे बारीक जंत. एवढ्याशा पिल्लात रक्त ते किती असणार? हिरड्या पांढऱ्या पडतात, शी डांबरासारखी काळी होते आणि दोन दिवसांत कारभार आटोपतो. मी पिल्लांसाठी औषध पाठवलं, त्यांच्या आईसाठी पाठवलं, पुन्हा पाठवलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

माझा नुसता संताप होत होता. रोज फोनवर दादाला फैलावर घ्यायचे. जागा धुतोस ना? धुतो. रोज? रोज. मग जंत काय आभाळातून पडतात? वहिनी मागून सांगायची, की गुडघे धरून बसेपर्यंत घासतात हो. मी म्हणायचे, घासत असते तर ही वेळ आली नसती.

उरलेल्या पिल्लाला दादा शेंडेफळ म्हणायचा. लहानपणी मलाही तो तेच म्हणायचा. ते आईला लुचेनासं झालं तेव्हा दवाखाना तसाच टाकून निघाले. वाटेत भांडणाची वाक्यं तयार करून ठेवली.

कुत्री जिन्याखाली होती. तिथे ऊन येत नाही. घाण औषधालाही नव्हती, पण सगळं ओलं होतं. विटा ओल्या, फटींतली माती ओली, पोतं ओलं आणि त्यावर पोट टेकून माय-लेकरू. या जंतांच्या अळ्या ओलाव्यातच तग धरतात, पंजाच्या कातडीतूनही आत शिरतात. कोरड्यात मरतात. हे मला कुणी शिकवायला नको.

"हे सारखं ओलं का?" मी विचारलं.

दादानं भिंतीवरचा कागद दाखवला. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: दिवसातून तीनदा भरपूर पाणी मारून धुणे. डॉक्टरीणबाईंची सूचना. खाली तारखा आणि प्रत्येकीपुढे तीन खुणा. एकही दिवस चुकला नव्हता.

ही सूचना दिली त्या दिवशी मी एका अडलेल्या गाईपाशी होते. घाईत फोनवर एवढंच बोलले होते. आधी शी उचल, मग जागा खडखडीत वाळव, हे राहूनच गेलं.

"दादा, वाळवायला हवं होतं," मी म्हणाले. "मी सांगितलंच नाही."

त्यानं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यानं माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

"मग इतके दिवस माझ्यावर का ओरडत होतीस?"

मी पिल्लू ओढणीत गुंडाळून दवाखान्यात आणलं, एका धडधाकट कुत्र्याचं रक्त चढवलं. चौथ्या दिवशी हिरड्यांना रंग आला. शेंडेफळ जगलं.

दादा न्यायला आला. मी काय काय करायचं ते सांगू लागले, तसा त्यानं खिशातून कोरा कागद काढून टेबलावर ठेवला आणि वर पेन्सिल ठेवली.

"तूच लिही," तो म्हणाला. "आणि खाली सही कर."