भूषणभाऊंचा उपास

दातांखाली कच् झालं की अंगावर काटा येतो. तो आवाज कानात नाही, थेट डोक्यात होतो. मी तो सहा महिने रोज ऐकला, आमच्याच घरच्या भाकरीत. थुंकावं तर आई समोर बसलेली. आणि गिळावं तर, शी! दगड आहे हे माहीत असताना गिळायचं?

आमचं गाव तेलंगणात, नेरडीगोंड्याहून हायवे सोडून चार किलोमीटर आत. तिथं आईनं ओसरीला लागून पिठाची चक्की टाकली. घेतली आदिलाबादच्या भूषणभाऊंच्या दुकानातून. ते स्वतः टेम्पोत बसून मशीन घेऊन आले. नारळ फोडला, हार घातला, हळदीकुंकवात हात बुडवून मशीनवर पाच बोटं उमटवली आणि म्हणाले, "ताई, ही चक्की नाही, लक्ष्मी हाय. काही झालं तर हा भाऊ बसला हाय." मी सगळं मोबाईलवर काढलं. तेव्हा मी व्हिडिओच काढायची, बोलायची नाही. वर्गात हजेरीला माझा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नव्हता. आता विचारा कुणालाही!

तिसऱ्या आठवड्यात कचकच सुरू झाली. चक्कीचा दगड कच्चा निघाला होता. दळताना तो झिजायचा आणि त्याची बारीक वाळू पिठात उतरायची. पण गावाला हे कोण सांगणार? शेजारच्या बयनाबाईनं आईचं नाव घेऊन हापशावर जाहीर करून टाकलं, "रंजीता चांगलं पीठ काढून घेते अन् वजनाले दगडाचा भुगा टाकते."

झालं. लोक डोक्यावर दळण घेऊन आमच्याच दारावरून पुढच्या गावाला जायला लागले, मान दुसरीकडं वळवून. शाळेत एकीनं माझा डबा बघून विचारलं, "आज सिमेंट आणलं का गं?" आई कुणाशी भांडली नाही. तिनं फक्त हापशावर जाणं सोडलं. पाणी मी आणायला लागले. भरल्या कळशीपेक्षा हापशावरची ती शांतता जड वाटायची.

भूषणभाऊंना फोन केले. आधी "माणूस पाठवतो ताई", मग "कंपनीले कळवलं", मग नुसतीच रिंग.

आमच्या शाळेतल्या हर्षदीप सरांनी मला बसवून समजावलं. जिल्ह्याला ग्राहक आयोग असतो, तिथं साध्या कागदावर तक्रार देता येते, वकील नसला तरी चालतो. जिल्ह्याचा निकाल पटला नाही तर हैदराबादला राज्य आयोग, त्याच्याही वर दिल्ली. मी म्हटलं, "सर, म्हणजे जिल्हा, राज्य अन् राष्ट्रीय. कबड्डीसारखं!" सर म्हणाले, "हो. फक्त इथं दम जास्त धरावा लागतो." तक्रार मी लिहिली, तीन वेळा फाडून. खाली आईनं सही केली, रंजीता, वेलांटी जरा वाकडी.

कंपनीचं उत्तर आलं. ते वाचून मला जी किळस आली ती भाकरीचीही नव्हती आली. पहिलं म्हणणं, चक्की हा धंदा आहे, म्हणून ही बाई ग्राहकच नाही. दुसरं, मशीनवरचा नंबर मुद्दाम खराब केलाय, त्यामुळं हे मशीन आमचं आहे असं आम्ही मानत नाही. सोबत भूषणभाऊंचं शपथपत्र, की मी दिलेल्या मशीनचा नंबर साफ होता, पुढचं मला ठाऊक नाही.

नंबरावर काय होतं? कुंकू! भूषणभाऊंच्या पाच बोटांतलं मधलं बोट बरोबर नंबराच्या पट्टीवर पडलं होतं. मग दर शुक्रवारी आई ते ओल्या फडक्यानं पुसायची आणि त्याच जागी नवं लावायची. लक्ष्मी ना ती! पुसता पुसता आकडे गेले.

आदिलाबादच्या आयोगात अध्यक्ष मॅडम तेलुगूत विचारत होत्या आणि आई मराठीत गोंधळत होती. मी मागून उठले. "मॅडम, मी सांगू का?" त्यांनी हातानं पुढं बोलावलं. आईचं मराठी मी तेलुगूत करत गेले, आणि पंधराव्या वाक्याला लक्षात आलं की माझा आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत येतोय. पोट भरायला माणूस स्वतः राबून जे मशीन चालवतो, त्यासाठी कायदा त्याला ग्राहकच धरतो, हे सरांनी शिकवलेलं वाक्य मी इतक्या जोरात म्हटलं की कारकुनानं मान वर केली. मग पेन ड्राइव्हमधला माझा व्हिडिओ लागला. आधी नंबर, लख्ख. मग भूषणभाऊंचा लाल हात. मॅडमनी तो दोनदा बघितला. भूषणभाऊ फरशीकडं बघत होते.

दगड तपासायला गेला, तपासून परत मशीनवर बसवला. अहवाल आला. निकाल आमच्या बाजूनं, की दगडात मुळातच दोष, मशीन बदलून द्या, भरपाई द्या. मी घरी येईपर्यंत गात होते.

गावात काय झालं? काही नाही! बयनाबाई म्हणाली, "कागद कोणाचाबी आणता येते वो." आणि महिन्याभरात कंपनी हैदराबादला अपिलात गेली. निकाल जागच्या जागी थांबला. आई हापशावर जात नव्हती ती नाहीच.

मग एका सोमवारी दुपारी भूषणभाऊ दारात. जणू काही झालंच नाही! तोच "ताई", तेच हसू. बाबांनी खाट टाकली, आईनं चहा दिला, मी बिस्किटं. त्यांनी तीन बुडवून खाल्ली, चौथं बशीत विरघळलं ते चमच्यानं खाल्लं. मग खिशातून कागद काढून बाबांपुढं धरला.

"जीवनभाऊ, कंपनी नवीकोरी मशीन देऊन राह्यली. भरपाई बी. फक्त इथं ताईची सही. पावती समजा."

बाबा लगेच म्हणाले, "कर वो सपनाची माय. कोण हैदराबादच्या चकरा मारते?"

पावती दोन पानांची कशी? मी कागद ओढला. इंग्रजी होतं. मी मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं, "चौथा मुद्दा. मशीनमध्ये कोणताही दोष नव्हता. पिठात आढळलेली वाळू वापरणाऱ्या बाईच्या हातून मिसळली गेली, हे मला मान्य आहे."

बाबांचा चेहरा पडला. भूषणभाऊ हसले. "अगं पोरी, ते लिवाव लागते. कोण वाचते? तिकडं मोठे वकील हायेत. हैदराबाद, मग दिल्ली. कुठं कुठं फिरसान? मशीन भेटून राह्यली ना?"

बोटाला बिस्किटाचा गाळ आणि तोंडात हे!

आई उठली, मशीनवरचं पोतं काढलं, दोन ओंजळी ज्वारी टाकली आणि बटण दाबलं. कित्येक महिन्यांनी चक्की ओरडली. आवाज ऐकून बयनाबाई लगेच कुंपणाशी आणि तिथून ओसरीत. भांडण असो की मयत, ती पोचतेच.

आईनं त्या पिठाची भाकरी थापली. वांग्याची भाजी सकाळची होती. ताट भूषणभाऊंपुढं ठेवलं.

"भाऊ, जेवा. मग सही करतो."

भूषणभाऊंनी ताटाकडं बघितलं. भाकरी सुंदर झाली होती, फुगलेली.

"नाही ताई, राहू द्या."

"काऊन? मशीनमदे दोष नाही ना?"

"तसं नाही... आज माझा सोमवार. उपास हाय."

बयनाबाईनं खाटेवरची बशी उचलली, डोळ्यांजवळ धरली, आतला चुरा बघितला.

"बिस्किट उपासाचं असते का बापा?"

भूषणभाऊंनी कागदाची घडी केली, चुकली, पुन्हा केली. बयनाबाई काही थांबेना. "खा ना एक घास. ह्या पोरीनं सहा महिने खाल्ली. मी तर रंजीतालेच चोर म्हणून राह्यली होती, अन् भाकरीले तर तुमी भिऊन राह्यले!"

ते गेले. चप्पल उलटी घालून गेले.

बाबा ताट बाजूला सारत म्हणाले, "हैदराबादची तारीख कोणती हाय?"

आणि बयनाबाई? तिनं माफी मागितली असेल असं वाटतंय ना? छे! जाताना म्हणाली, "नवी आली की पयलं दळण माजं." एवढंच. सहा महिने ज्या तोंडानं आईला चोर केलं, तेच तोंड! मला तिचीही किळस आली. पण संध्याकाळपर्यंत तिनं बिस्किटाची गोष्ट सगळ्या हापशावर सांगून टाकली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळशी आईनं माझ्या हातातून काढून घेतली. "तू शाळेत जा."

हैदराबादला जायच्या आधी आई म्हणाली, "मले तेलुगूत एक वाक्य शिकव." आठ दिवस ती भाकरी थापताना तेच घोकत होती.

राज्य आयोगात आमचा नंबर पुकारला. कंपनीचे वकील तीन फायली घेऊन बसलेले. मी भाषांतराला उठायला लागले तर आईनं माझा खांदा दाबून मला खाली बसवलं. स्वतः उभी राहिली, पदर नीट केला.

"रायि चेडिपोयिंदि सार. नेनु कादु."

दगड बिघडलेला होता, साहेब. मी नाही.

उच्चार चुकला होता. पण आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत आला.