उरलेला अर्धा भाग

आमच्या कारखान्यात जुने सोफे सोलतात. म्हणजे कापड फाडायचं, पिना उपसायच्या, आतला फोम बदलायचा आणि नवं कापड ताणून ठोकायचं. हे काम हातांचं, कान रिकामेच असतात. माझे कान शेजारच्या टेबलावरची शिलाईवाली तिच्या जावेच्या तक्रारींनी भरायची. जीव विटला तेव्हा मी पॉडकास्ट शोधून काढले. एक विज्ञानाचा, एक विनोदाचा, आणि एक असा की त्यातली बाई कंटाळा किंवा उधारी अशी कुठलीही साधी गोष्ट घेते आणि तिचा कीस पाडते. "शिष्ट झालीस," शिलाईवाली म्हणाली. झाले तर झाले.

घरी प्रश्न उलटा होता. माझे सासरे जन्मभर लिफ्ट दुरुस्त करायचे. सासूबाई गेल्या आणि बाबांच्या तोंडाला कुलूप लागलं. काहीही विचारा, उत्तरं तीनच: हो, नको, बघू. माझा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघांनी फोनवर परस्पर ठरवून टाकलं की बाबांना महिनाअखेरीला धाकट्याकडे, दुसऱ्या शहरात न्यायचं. तिथे घरात दिवसभर माणसं असतात, बोलतील. बाबांना विचारलं तर ते "बघू" म्हणाले, आणि दोघा शहाण्यांनी ते "हो" असं धरलं.

मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी स्वच्छ "नाही" म्हणाले असते. मला ते घरात हवे होते. या घरात माझ्या कामाला काम म्हणणारा तो एकच माणूस. माझा हातोडा सैल झाला तेव्हा नवरा म्हणाला, नवा घे. बाबांनी न बोलता दांडा काढला, पाचर ठोकली आणि हातोडा परत माझ्या पिशवीत ठेवला.

ते बोलते झाले तर जाणं टळेल, एवढ्यासाठी मी त्यांच्या फोनवर पॉडकास्ट घालून दिले. नवं खातं उघडायचं तर फोन पन्नास चौकश्या करतो आणि माझ्याजवळ तेवढा धीर नाही, म्हणून माझंच खातं टाकलं. "हे त्रिकोणाचं बटण दाबा, सुरू होईल," सांगितलं आणि कामाला पळाले. मागे कसं जायचं, सुरुवात कुठे असते, हे काही दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोफा उलटा करून कानांत इयरफोन घातले, तर माझा निम्मा राहिलेला भाग संपलेला! मी थांबवला होता तिथून कुणीतरी तो पुढे ऐकून टाकला होता. कुणीतरी म्हणजे कोण, हे कळायला काही विद्वत्ता लागत नाही. भांडायचंच असं ठरवून मी घरी आले.

पण जेवताना बाबाच बोलले.

"अर्धा मेंदू झोपतो आणि अर्धा जागा राहतो," ते म्हणाले.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. मी विचारलं, "कुणाचा?"

"ते मला माहीत नाही. मी पोचलो तेव्हा ते झोपलेलेच होते."

"डॉल्फिन होते, बाबा."

"असं होय!" बाबा म्हणाले. "मी दिवसभर पहारेकरी समजत होतो."

मी भांडण गिळलं. डॉल्फिनला श्वास घ्यायला पाण्यावर यावं लागतं, मग तो झोपतो कसा, हा प्रश्न माझ्या अर्ध्यात होता आणि उत्तर त्यांच्या अर्ध्यात. जेवण संपेपर्यंत आम्ही दोन्ही जोडलं.

मग ते रोजचंच झालं. मी कामावर सुरुवात ऐकायची, दुपारी ते त्रिकोण दाबून उरलेलं ऐकायचे. विनोदाच्या पॉडकास्टमधल्या, कठड्याच्या गजांत डोकं अडकलेल्या माणसाची फजिती मला निम्मीच माहीत होती.

"सुटला का तो?"

"सुटला. पण पँट गेली."

"डोकं अडकल्यावर पँट कशी जाईल?"

"ते तू सांग. सुरुवात तुझ्याकडे आहे."

आम्ही दोघंही ठसका लागेपर्यंत हसलो. बाबांचं हसणं मी विसरूनच गेले होते.

आता भावाला फोन करून जाणं रद्द करायचं, हे नवऱ्याच्या डोक्यात यायला हवं होतं. त्याच्या डोक्यात आलं भलतंच. "तुम्ही किती घोळ घालताय!" तो म्हणाला. दिवसभर ऑफिसात लोकांचे कॉम्प्युटर नीट करतो, त्याला घोळ बघवत नाही. त्याने बाबांना वेगळं खातं उघडून दिलं, सुरुवातीला कसं जायचं ते शिकवलं. "आता दोघंही अथपासून इतिपर्यंत ऐका. खूश?"

मीही खुळी, खूश झाले.

त्या दिवसापासून ताटावरचं बोलणं असं: "तो कंटाळ्यावरचा ऐकलात?" "हो." "छान होता ना?" "हो." दोघांनाही सगळं माहीत, मग सांगायचं काय? कुलूप पुन्हा लागलं. मी मुकाट्याने पिना उपसत राहिले आणि महिनाअखेर आली.

धाकटे दीर गाडी घेऊन आले. बाबांची बॅग नवऱ्याने दारात आणून ठेवली. भाऊजी बुटांची नाडीही न सोडता म्हणाले, "निघू या, बाबा? वहिनी, चहा नको, उशीर होईल."

जाऊ नका म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी मला विचारलं, "मधमाश्यांचा भाग ऐकलास?"

"ऐकला."

"सगळा?"

"सगळा. का?"

"का ऐकलास सगळा?" बाबा चक्क चिडले. "मी आठवडाभर प्रत्येक भाग निम्म्यावर बंद करून ठेवतोय. म्हटलं, ही विचारेल, कुठवर आलात. तू नुसतं 'छान होता ना' म्हणून मोकळी होतेस!"

माझे डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत.

बाबा मग थोरल्याकडे वळले. "लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली ना, की आतली माणसं बोलायला लागतात. वर्षानुवर्षं एका इमारतीत राहून नावं माहीत नसतात, ती तिथे कळतात. मी जाऊन ती चालू केली की पुन्हा सगळे गप्प, आकड्यांकडे बघत उभे. तू आमची लिफ्ट दुरुस्त केलीस, बाळा."

नवऱ्याने खाली बघितलं आणि हात पुढे केला. "फोन द्या, बाबा. पहिल्यासारखं करून देतो."

"आणि निघायचं?" भाऊजींनी विचारलं.

"नको," बाबा म्हणाले. त्यांच्या तीन उत्तरांपैकी हे इतकं खणखणीत मी कधी ऐकलं नव्हतं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अंधाऱ्या पोळ्यात एक माशी नाचून फुलांची दिशा सांगते, इथवर आलोय. बाकीच्यांना न दिसता कळतं कसं?"

"कुठल्या माश्या? काय चाललंय तुमचं?" भाऊजी दारातूनच म्हणाले.

बाबांनी सोफ्यावर सरकून जागा केली.

"बूट काढ आणि बस," ते म्हणाले. "सुरुवात माझ्याकडे आहे."