चौथा डॅश

“एकच,” रेडिओला कान लावून बसलेले ताराचंद पराते पुटपुटले आणि वहीत जपानसमोर त्यांनी एकचा आकडा लिहिला.

स्वयंपाकघराच्या दारात प्रेमिला वांगी चिरत बसल्या होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, “एक काहून? चारदा वाजलं ना.”

ताराचंदांचा पेन थांबला.

तार ऑफिसात त्यांनी तीस वर्षं मोर्स ऐकला होता. तार बंद झाली, तेही निवृत्त झाले, आणि गच्चीवर तांब्याची तार ताणून त्यांनी शॉर्टवेव्ह रेडिओ लावला. जगभरातली अठरा बीकन केंद्रं एकामागून एक आपलं नाव सांगतात आणि चार लांब डॅश, म्हणजे सलग वाजणारे सूर, पाठवतात. प्रत्येक डॅश आधीच्यापेक्षा दहापट दुबळा. तीन मिनिटांत फेरी पूर्ण, की पुन्हा पहिल्यापासून. कुठून किती डॅश आले, एवढंच ताराचंद रोज सकाळी लिहून ठेवत. जपानचा चौथा त्यांना एकदाच लागला होता, सूर्यावरचे डाग ऐन भरात होते आणि रेडिओलहरी दूरवर पोचत होत्या त्या वर्षी. असं आकाश आता अकरा वर्षांनी, असं कळलं, तर ते तेवढी वर्षं थांबले.

ती वर्षं सरली. ओळखीचे हौशी श्रोते कौतुकानं कळवत होते, चारही स्वच्छ येतात. यांच्या वहीत मात्र एक, एक, शून्य. त्यांनी तार बदलली, शेजारच्या सोलर पॅनेलला दोष दिला, दोनदा रेडिओ उघडून पाहिला.

“तुले चारही आले?”

“चौथा बारीक हाय. पण हाय.” प्रेमिलांनी विळी बाजूला सारली. मग त्या म्हणाल्या, “कुकरची शिट्टीबी तुमाले ऐकू येऊन नाही राहिली. दिवाळीपासून. मले सांगवत नव्हतं.”

ताराचंदांनी पेन खाली ठेवला. मग त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि तिला बसायला सांगितलं. डॅश म्हणजे काय, हे लग्नानंतर पहिल्यांदाच समजावलं. ऐकू येईल तसं माझ्या मनगटावर बोट टेकव, म्हणाले.

जपानची वेळ झाली. प्रेमिलांनी पदराला हात पुसला.

बोट टेकलं. पुन्हा टेकलं. तिसऱ्यांदा, आणखी हलकं.

ताराचंदांनी डोळे मिटून श्वास रोखला. मनगटावर काहीतरी लागलं, जेमतेम, माशी बसावी तेवढं.